दवाखाना कोणाचा, पैसे कोणाचे? आपली सरकारी-खासगी आरोग्यव्यवस्था सोप्या भाषेत

मागच्या पावसाळ्यात एका रात्री मामांच्या छातीत दुखायला लागलं. वय ६३, शेतकरी माणूस, आधी म्हणाले पित्त असेल, मग दरदरून घाम फुटला तेव्हा मामेभावानं तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात नेलं. तिथे लगेच ईसीजी काढला, डॉक्टरांनी गोळी चघळायला दिली आणि १०८ बोलावून शहरात पाठवलं. इथपर्यंत एक रुपया लागला नाही. शहरातल्या ज्या खासगी हॉस्पिटलमध्ये पोचलो तिथे दारातच जनआरोग्य योजनेचा भला मोठा बोर्ड होता, आणि त्याच बोर्डाखालच्या काउंटरवर आम्हाला सांगितलं की आधी चाळीस हजार डिपॉझिट भरा, योजनेचं सकाळी बघू. माणूस आत स्ट्रेचरवर असताना कोण वाद घालणार, भरले.

पहाटे कॉरिडॉरमध्ये बसलेलो असताना मामेभाऊ म्हणाला, "ताई, हे हॉस्पिटल सरकारी की खासगी? बोर्ड सरकारचा, डॉक्टर खासगी आणि पैसे आपले, हे काय गौडबंगाल आहे?" मला धड उत्तर देता आलं नाही. नंतर बरंच वाचलं, विचारलं, कागद गोळा केले, त्यातून जे कळलं ते इथे लिहितेय.

सध्या तर गोंधळ अजून वाढलाय. सत्तरीच्या पुढच्यांसाठी आयुष्मान कार्ड आलं, २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आणि कौटुंबिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी शून्य झाला, मग घरोघरी तोच प्रश्न, आता उपचार फुकट झालेत का, मग पॉलिसी चालू ठेवायची की बंद करायची, आणि कार्ड असून हॉस्पिटल नाही का म्हणतं?

## सरकारी की खासगी, हा प्रश्नच अपुरा आहे

आपण दवाखान्याकडे बघतो ते दोन खणांच्या कपाटासारखं. एका खणात सरकारी, फुकट, रांगा. दुसऱ्यात खासगी, महाग, एसी. पण भारतातली आरोग्यव्यवस्था अशी दोन खणांत बसतच नाही. त्याऐवजी तीन प्रश्न विचारायचे: उपचार कोण करतंय, पैसे कोण देतंय आणि या दोघांवर लक्ष कोण ठेवतंय. तिन्हींची उत्तरं वेगवेगळी असू शकतात आणि बहुतेक वेळा असतातच.

एसटीचं उदाहरण घेऊ. लालपरी म्हणजे गाडी महामंडळाची, ड्रायव्हर महामंडळाचा, तिकीटदर सरकार ठरवणार. हे झालं प्राथमिक आरोग्य केंद्र. खासगी ट्रॅव्हल्स म्हणजे सगळंच मालकाचं, दिवाळीत भाडं तिप्पट केलं तरी आपण बसतो, हे झालं खासगी हॉस्पिटलात रोख पैसे भरून घेतलेलं ऑपरेशन. पण मध्येच शिवशाहीच्या काही गाड्या आल्या, ज्या खासगी मालकाच्या, ड्रायव्हर त्याचाच, पण कंडक्टर आणि तिकीट एसटीचं. सरकारी रुग्णालयाच्या आवारात जे सीटी स्कॅन किंवा डायलिसिसचं युनिट एखादी खासगी कंपनी चालवते ना, ते हे असं. आणि मामांच्या हॉस्पिटलसारखं, जिथे इमारत आणि डॉक्टर खासगी पण बिल सरकार भरणार, ते रेशन दुकानासारखं. दुकान एखाद्या माणसाचं, धान्य सरकारचं, आणि दुकानदाराला त्याचं ठरलेलं कमिशन.

रेशन दुकानाची उपमा लक्षात ठेवा, कारण रेशन दुकानात ज्या तक्रारी असतात (माल आला नाही, मशीन बंद आहे, उद्या या) जवळपास त्याच तक्रारी इथेही भेटतात.

## हे असं मिश्रण झालं कसं?

आपल्याकडे ते सुरुवातीपासूनच आहे. मुंबईचं जे. जे. रुग्णालय १८४५ मध्ये सुरू झालं ते सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतून आणि कंपनी सरकारच्या पैशातून. पुण्याचं ससून १८६७ चं, त्यामागे डेव्हिड ससून यांची देणगी. केईएम १९२६ चं, तिथल्या कॉलेजला शेठ गोवर्धनदास सुंदरदास यांचं नाव आहे कारण पैसा त्यांच्या ट्रस्टचा होता, पण ते चालवते मुंबई महापालिका. आणि परळचं टाटा मेमोरियल, ज्याला आजही कितीतरी लोक टाटांचं खासगी हॉस्पिटल समजतात, ते १९४१ मध्ये टाटांच्या ट्रस्टनं उभं केलं खरं पण १९६२ पासून ते केंद्र सरकारच्या अणुऊर्जा विभागाकडे आहे. तिथे जनरल आणि प्रायव्हेट अशा दोन वर्गांत पेशंटची नोंद होते, प्रायव्हेटवाला जास्त पैसे भरतो, डॉक्टर तेच. एकाच छताखाली दान, सरकार आणि फी, तिन्ही.

स्वातंत्र्याच्या तोंडावर देशाचा एक आराखडा तयार झाला होता. नाशिकला जन्मलेले सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं १९४६ मध्ये अहवाल दिला आणि त्यात स्वच्छ म्हटलं की पैसे नाहीत म्हणून कोणालाही योग्य उपचारांशिवाय राहावं लागता कामा नये. त्या विचारातून १९५२ पासून प्राथमिक आरोग्य केंद्रं निघायला लागली. जवळपास त्याच काळात ब्रिटननं १९४८ मध्ये सगळ्यांसाठी करातून चालणारी आरोग्यसेवा सुरू केली. त्यांनी पैसा ओतला, आपण तेवढा ओतला नाही, हे सरळ सांगायला हवं. आपली केंद्रं झाली पण लोकसंख्येच्या मानानं कमी, डॉक्टर कमी, औषधं कमी. मग जी जागा रिकामी राहिली ती खासगी डॉक्टरांनी भरली, आधी गल्लीतला फॅमिली डॉक्टर, मग नर्सिंग होम, आणि १९८३ मध्ये चेन्नईला अपोलो उभं राहिल्यावर कॉर्पोरेट हॉस्पिटलांचा जमाना. म्हणजे मिश्र व्यवस्था कोणी एका बैठकीत बसून ठरवली असं झालेलं नाही, गावाच्या बाहेर जसजशी वस्ती वाढत जाते आणि मग मागाहून नगरपालिका रस्ता आखायला येते तशी ती वाढली, आणि म्हणूनच तिची वळणं आपल्याला कळत नाहीत.

राज्यघटनेत रुग्णालयं हा राज्याचा विषय आहे. केंद्र पैसे आणि योजना देतं पण दवाखाना चालवायची मुख्य जबाबदारी राज्याची. त्यामुळे केरळमधला अनुभव वेगळा, बिहारमधला वेगळा, आपला वेगळा. पुढचं बरचसं महाराष्ट्रापुरतं धरा.

## सरकारी दवाखाना म्हणजे एक दवाखाना नाही

सरकारी बाजूला पायऱ्या आहेत. गावात आशाताई आणि उपकेंद्र (साधारण ५ हजार लोकांमागे एक, आदिवासी आणि डोंगरी भागात ३ हजार), मग प्राथमिक आरोग्य केंद्र (३० हजारांमागे एक, आदिवासी भागात २० हजार), मग ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय, जिल्ह्याचं सिव्हिल, आणि सगळ्यात वर मेडिकल कॉलेज. कल्पना अशी की सर्दी-ताप खालच्या पायरीवर बरा व्हावा आणि बायपासवाला वर जावा. प्रत्यक्षात खालच्या पायरीवर डॉक्टर किंवा औषध नसलं की लोक थेट वर जातात, मग वरची ओपीडी फुटते, आणि तिथल्या निवासी डॉक्टरला एका पेशंटला दोन मिनिटंही देता येत नाहीत. ससून किंवा केईएमची गर्दी बघून आपण त्या हॉस्पिटलला नावं ठेवतो, खरं तर बिघाड कित्येकदा खालच्या पायरीवर असतो.

अजून एक गोष्ट जी मला चाळिशी ओलांडेपर्यंत माहीत नव्हती. सगळे सरकारी दवाखाने एकाच खात्याचे नाहीत. उपकेंद्रापासून सिव्हिलपर्यंतचे सार्वजनिक आरोग्य विभागाकडे, मेडिकल कॉलेजची रुग्णालयं वैद्यकीय शिक्षण विभागाकडे, आणि केईएम, सायन, नायर ही मुंबई महापालिकेची. म्हणून १५ ऑगस्ट २०२३ ला जेव्हा राज्यानं उपचार पूर्ण मोफत केले, केसपेपरचे पैसेसुद्धा बंद केले, तेव्हा तो निर्णय फक्त सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांना लागू झाला. लोक मेडिकल कॉलेजला जाऊन भांडायला लागले की पेपरात तर फुकट लिहिलंय. पेपरातलं खरं होतं आणि काउंटरवरचा क्लार्कही खरं बोलत होता, कारण खातंच वेगळं.

याशिवाय दोन मोठे सरकारी रस्ते आहेत जे सगळ्यांसाठी नाहीत. महिना २१ हजारांपर्यंत पगार असलेल्या कामगारांसाठी ईएसआय, ज्यात पगाराच्या ०.७५ टक्के कामगाराचे आणि ३.२५ टक्के मालकाचे कापले जातात, आणि केंद्रीय कर्मचाऱ्यांसाठी सीजीएचएस. कारखान्यात काम करणाऱ्या कितीतरी जणांच्या पगारातून ईएसआय कापलं जातं आणि तरी ते खासगीत रोख पैसे भरतात. पगाराची स्लिप काढून बघा आणि नंबर असला तर तो वापरा.

## पैसे सरकारचे, खाट खासगी

आता मामांच्या बोर्डाकडे येऊ. महाराष्ट्रात २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली, पुढे ती राज्यभर गेली आणि २०१७ मध्ये तिचं नाव महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना झालं. २३ सप्टेंबर २०१८ ला केंद्रानं आयुष्मान भारत आणली. आपल्याकडे दोन्ही एकत्र चालतात. आधी मुख्यतः पिवळ्या-केशरी रेशनकार्डवाल्यांना आणि दीड लाखापर्यंत कव्हर होतं, १ जुलै २०२४ पासून पांढऱ्या कार्डासकट राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना वर्षाला ५ लाखांपर्यंत झालं. शिवाय ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षं पूर्ण केलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मानचं स्वतंत्र कार्ड काढता येतं, आणि घरचं कव्हर आधीपासून असेल तर हे ५ लाख त्या आजी-आजोबांसाठी वरचे असतात.

हे ५ लाख हातात मिळत नाहीत आणि कुठल्याही हॉस्पिटलात चालत नाहीत. ज्या हॉस्पिटलनं सरकारशी करार केलाय, त्याला अंगीकृत रुग्णालय म्हणतात, तिथेच चालतात. आणि ठरलेल्या उपचारांनाच. प्रत्येक उपचाराचं एक पॅकेज आहे, म्हणजे लग्नाच्या हॉलवाल्याचं असतं तसं, ताट, मांडव, लाइट सगळं धरून एक रक्कम. अँजिओप्लास्टीचं पॅकेज म्हणजे तपासण्या, ऑपरेशन, स्टेंट (रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळी), औषधं, जेवण सगळं त्यात आलं. मूळ योजनेत तर घरी परत जायचं एसटीचं भाडंसुद्धा पॅकेजमध्ये धरलेलं होतं, हे वाचलं तेव्हा मला त्या योजना लिहिणाऱ्याबद्दल फार बरं वाटलं. ज्यानं ते कलम घातलं त्यानं डिस्चार्ज झालेला माणूस स्टँडवर उभा असलेला पाहिलेला असणार.

प्रक्रिया अशी: हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्र नावाचा माणूस बसतो, तो तुमचं रेशनकार्ड आणि आधार बघून नोंद करतो, मग हॉस्पिटल ऑनलाइन पूर्वपरवानगी मागतं, ती आली की उपचार, आणि पैसे सरकारकडून थेट हॉस्पिटलला. इमर्जन्सीत फोनवरून कळवून उपचार सुरू करता येतात, कागद मागाहून देता येतात. म्हणजे आमच्याकडून रात्री डिपॉझिट घ्यायची काही गरज नव्हती. १५५३८८ या हेल्पलाइनवर तक्रार केल्यावर तीन आठवड्यांनी ते चाळीस हजार परत मिळाले, पण ज्याच्याकडे त्या रात्री चाळीस हजार नसतील त्याचं काय, हा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही.

## "पण मग हॉस्पिटलं कार्ड नाकारतात का?"

दोन्ही बाजू ऐकायला हव्यात. डॉक्टरांचं म्हणणं असं की पॅकेजचे दर कमी आहेत, आणि सरकारकडून पैसे यायला कित्येकदा महिने लागतात, तोपर्यंत स्टाफचे पगार, स्टेंटवाल्याचं बिल, इमारतीचा हप्ता कोण भरणार. वीस-तीस खाटांचं जिल्ह्यातलं हॉस्पिटल चालवणाऱ्या डॉक्टरसाठी ही तक्रार अगदी खरी आहे. रेशन दुकानदाराला सहा महिने कमिशन मिळालं नाही तर त्याचा उत्साह किती टिकेल?

दुसरीकडे, करार केल्यावर बोर्ड लावायचा, पेशंट आत घ्यायचा आणि मग "खाट भरलीय", "सर्व्हर डाउन आहे", "हे योजनेत बसत नाही" म्हणायचं किंवा योजनेतून पैसे घेऊन वर पेशंटकडूनही घ्यायचे, याला काही समर्थन नाही. पॅकेज घेतलं की पेशंटकडून वेगळे पैसे घेता येत नाहीत. कोणी मागितले तर पावती मागा, पावती नसेल तर तारीख, वेळ आणि काउंटरवरच्या माणसाचं नाव लिहून ठेवा, आम्हाला पैसे परत मिळाले ते पावती होती म्हणून.

काही वेळा नकार खराही असतो. काही शस्त्रक्रिया सरकारी रुग्णालयांसाठीच राखीव आहेत, त्या खासगीत योजनेतून होतच नाहीत. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, योजना मुख्यतः ॲडमिट झालेल्यांसाठी आहे. डॉक्टरची फी, दर महिन्याच्या शुगर-बीपीच्या गोळ्या, साध्या रक्ततपासण्या यात येत नाहीत.

## ट्रस्टचं हॉस्पिटल: ज्याची आठवण कोणाला नसते

२०२५ च्या एप्रिलमध्ये पुण्यात एका मोठ्या ट्रस्टच्या हॉस्पिटलनं गरोदर बाईच्या घरच्यांकडे मोठं डिपॉझिट मागितल्याचा आरोप झाला, पुढे दुसरीकडे तिचा मृत्यू झाला, आणि राज्यभर संताप उसळला. तेव्हा कुठे लोकांना कळलं की धर्मादाय रुग्णालय असा एक प्रकार असतो आणि त्यावर कायद्यानं बंधनं आहेत.

ट्रस्टच्या हॉस्पिटलना करात सूट मिळते, काहींना सवलतीत जमीन, जादा एफएसआय (म्हणजे जास्त बांधकामाची मुभा) मिळालेला असतो. त्या बदल्यात मुंबई उच्च न्यायालयानं २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेनुसार त्यांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना निम्म्या दरात द्यायच्या, आणि बिलांच्या २ टक्के रक्कम त्यासाठीच्या निधीत टाकायची. वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत असेल तर निर्धन, ३ लाख ६० हजारांपर्यंत असेल तर दुर्बल. राज्यात अशी चारशेच्या वर हॉस्पिटलं आहेत, त्यात काही तर अशी चकचकीत की गरीब माणूस गेटमधून आत जायलाही बिचकतो. तो बिचकतो म्हणूनच त्या खाटा रिकाम्या दिसतात. आपल्या शहरातल्या हॉस्पिटलच्या नावामागे ट्रस्ट, फाउंडेशन, मेडिकल सोसायटी असं काही असेल तर धर्मादाय आयुक्तांच्या यादीत ते आहे का बघा आणि ॲडमिट होतानाच तिथल्या सोशल वर्करला भेटा. डिस्चार्जच्या दिवशी मागायला गेलात तर फार उशीर झालेला असतो.

## पॉलिसी म्हणजे भिशी, पण अटींची

आरोग्य विमा ही मोठ्या भिशीसारखी गोष्ट आहे, सगळे थोडे थोडे भरतात आणि ज्याच्यावर वेळ येते त्याला मिळतं. फरक इतका की भिशीत नंबर प्रत्येकाचा लागतो, इथे लागू नये अशीच इच्छा. कंपनीला अर्थातच असे सभासद हवे असतात ज्यांचा नंबर लागणार नाही, म्हणून तरुणाला प्रीमियम कमी आणि साठीनंतर तो भराभर वाढत जातो, नेमका जेव्हा कमाई थांबलेली असते तेव्हा. जीएसटी गेला हे चांगलंच झालं, पण तो वाढता जिना तसाच आहे.

आधीपासूनच्या आजाराला जास्तीत जास्त ३ वर्षं थांबावं लागतं, आणि सलग ५ वर्षं पॉलिसी चालू असेल तर फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय "तुम्ही आजार लपवला" म्हणून क्लेम नाकारता येत नाही. कॅशलेसची (म्हणजे बिल कंपनीनं थेट हॉस्पिटलला भरायची) परवानगी १ तासात आणि डिस्चार्जचा निर्णय ३ तासांत द्यायचा असा २०२४ चा नियम आहे, हा नियम काउंटरवर शांतपणे बोलून दाखवला तरी काम हलतं.

आणि रूम रेंटची अट वाचाच. पॉलिसीत दिवसाला ५ हजारांची खोली बसते आणि तुम्ही १० हजारांची घेतली, तर तुम्हाला वाटतं वरचे ५ हजार आपण भरू. तसं होत नाही, तुम्ही दुप्पट महाग खोली घेतली म्हणून डॉक्टरची फी, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग हे सगळंच निम्मं धरलं जातं (औषधं, इम्प्लांट आणि तपासण्या त्यातून वगळल्या आहेत). आमच्या ओळखीत एकांचं बिल साडेतीन लाखांचं आणि हातात सव्वादोन आले, ते फक्त या एका खोलीपायी.

## "मग सरकारनं दवाखाने बंद करून सगळ्यांचा प्रीमियमच का भरू नये?"

हा प्रश्न शिकलेली माणसं फार आत्मविश्वासानं विचारतात. तूरडाळ घेताना आपल्याला किती हवी ते आपल्याला माहीत असतं, भाव पटला नाही तर पुढच्या दुकानात जातो. छातीत दुखत असताना कोण भाव करतो? आणि किती तपासण्या, किती दिवस आयसीयू हे विकणाराच ठरवतो. म्हणजे गिऱ्हाइकाला मालाची पारख नाही, थांबायला वेळ नाही आणि नाही म्हणायची ताकद नाही. असा बाजार नुसता मोकळा सोडला तर भाव चढणारच, मग पैसे पेशंट भरो, कंपनी भरो नाहीतर सरकार.

यावरचा माझ्या मते सगळ्यात मोठा उतारा म्हणजे शेजारी चांगलं चालणारं सरकारी रुग्णालय असणं. ज्या रूटवर एसटी वेळेवर येते तिथे ट्रॅव्हल्सवालाही भाडं सांभाळून लावतो. सरकारी २०१७-१८ च्या पाहणीत देशभरात एकदा ॲडमिट होण्याचा सरासरी खर्च सरकारी रुग्णालयात ४,४५२ रुपये आणि खासगीत ३१,८४५ रुपये निघाला होता, हे बाळंतपण सोडून. तरीही ॲडमिट होणाऱ्यांपैकी खेड्यात साधारण ४६ टक्के आणि शहरात ३५ टक्केच सरकारीत गेले. सात पट महाग असूनही लोक खासगीत गेले ते हौसेनं नाही, तिथे डॉक्टर भेटेल याची खात्री होती म्हणून गेले.

आणि लसीकरण, टीबी, साथीचे आजार ही कामं विमा करतच नाही. टीबीचं औषध सरकार फुकट देतं, पेशंट खासगी डॉक्टरकडे असला तरी, आणि त्या डॉक्टरवर टीबीची नोंद सरकारला कळवायचं बंधन २०१२ पासून आहे. माझ्या मते ही या मिश्र व्यवस्थेची सगळ्यात शहाणी जागा, कारण इथे पेशंटला दार कुठलं निवडलं याची शिक्षा होत नाही.

उलट "सगळंच सरकारी करा" म्हणणाऱ्यांनाही सांगायला हवं की आज डॉक्टर आणि खाटांचा मोठा वाटा खासगीत आहे, तो एका रात्रीत उचलता येणार नाही, आणि तालुक्याच्या गावी अर्ध्या रात्री दार उघडणारे कितीतरी खासगी डॉक्टर आहेत ज्यांच्या जिवावर तो तालुका जगतो.

## लक्ष कोण ठेवतं?

ही सगळ्यात कच्ची बाजू. केंद्रानं २०१० मध्ये दवाखान्यांच्या नोंदणीचा कायदा केला, महाराष्ट्रानं तो घेतला नाही, आपल्याकडे १९४९ चा नर्सिंग होम कायदाच चालतो. २०२१ मध्ये त्याचे नियम सुधारले, त्यानुसार रुग्णहक्कांची सनद आणि मुख्य सेवांचे दर हॉस्पिटलमध्ये लावायला हवेत. किती ठिकाणी ते दिसतात? मी गेल्या वर्षभरात जिथे जिथे गेले तिथे शोधले, एका ठिकाणी सापडले, तेही फायर एक्झिटच्या दारामागे.

इमर्जन्सीत प्राथमिक उपचार नाकारता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयानं १९८९ मध्येच सांगितलंय, सरकारी असो वा खासगी. आणि सरकारनं मनावर घेतलं तर काय होतं त्याचा पुरावा स्टेंट. फेब्रुवारी २०१७ मध्ये औषधी लेप असलेल्या स्टेंटला २९,६०० रुपयांची मर्यादा घातली, त्याआधी त्याच वस्तूचे पेशंटला लाखावर मोजावे लागायचे. हॉस्पिटलं बंद पडली नाहीत, अँजिओप्लास्ट्या थांबल्या नाहीत.

## आपल्या खिशातून जातं किती?

२०१३-१४ मध्ये आरोग्यावरच्या दर १०० रुपयांतले ६४ लोक स्वतःच्या खिशातून भरत होते. २०२१-२२ मध्ये ते ३९ वर आले. सुधारणा मोठी आहे, नाकारायचं कारण नाही. पण त्याच २०२१-२२ मध्ये सरकारचा खर्च जीडीपीच्या १.८४ टक्केच होता आणि २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणानं २०२५ पर्यंत २.५ टक्क्यांचं उद्दिष्ट ठेवलं होतं. ते जे ३९ रुपये आहेत त्यातला फार मोठा भाग औषधं आणि ओपीडीचा, म्हणजे नेमकं जे योजनेतही नाही आणि बहुतेक पॉलिसीतही नाही. लाखाचं ऑपरेशन फुकट होतं आणि महिन्याची बाराशेची गोळी माणसाला मागे खेचते, हे मी घरातच बघितलंय.

मामांना स्टेंट बसला तो खासगी हॉस्पिटलात, भाव सरकारनं बांधलेला, बिल योजनेनं भरलेलं, आणि तो बसवणारा डॉक्टर सरकारी मेडिकल कॉलेजात शिकलेला. आता त्यांना चार गोळ्या कायमच्या आहेत. दोन प्राथमिक आरोग्य केंद्रातून मिळतात, आशाताई आठवण करून देतात, उरलेल्या दोन मामेभाऊ तालुक्याच्या जनऔषधी दुकानातून आणतो. गेल्या महिन्यात केंद्रात गोळी अकरा दिवस नव्हती. मामा म्हणाले, राहू दे, आता काही दुखत नाही. मामेभावानं ऐकलं नाही, बाहेरून आणली, आणि दुसऱ्या दिवशी केंद्राच्या वहीत औषध नसल्याची तक्रार लिहून खाली सही करून आला.